अधिकृत कचरा

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनोदिनी हरकरे यांनी एकतीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. पद प्रयोगशाळा सहायकाचं. प्राध्यापक येत-जात राहिले, पण कुठली बाटली कुठल्या कपाटात हे विचारायला सगळ्यांना यायला लागायचं ते त्यांच्याकडेच. चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू त्यांना डोळ्यात गेलेल्या कणासारखी खुपायची. पुढे यजमान गेले, रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं भाड्याचं घर सुटलं, आणि मुलगा पुष्कर यानं तेलीबांध्याच्या पुढे दोनशे दहा फ्लॅटच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा त्या त्याच्याकडे राहायला गेल्या.

सातव्या मजल्यावर त्यांना करण्याजोगं काही नव्हतं. पुष्कर आणि सून मीनल दोघंही नव्या रायपूरला नोकरीला. सकाळी साडेआठला घर रिकामं व्हायचं. स्वयंपाकाला बाई, फरशीला बाई. विनोदिनीबाई मागच्या बाल्कनीत उभ्या राहून खाली बघत राहायच्या. तिथेच, कंपाउंडच्या मागच्या भिंतीपाशी, पत्र्याच्या एका छपराखाली त्यांना बिसाहिन दिसली.

बिसाहिन नाल्यापलीकडच्या पाऱ्यातून, म्हणजे तिथल्या वस्तीतून यायची. सोसायटीचा पाया खणला जात होता तेव्हा ती तिथे घमेली वाहत होती, आणि लोक राहायला आल्यावर त्यांचा कचरा निवडू लागली. तिला कुणी ठेवलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नव्हतं. पुठ्ठा, दुधाची पाकिटं, बाटल्या, पत्रा असं सगळं ती हातानं वेगळं करायची, बोऱ्यात भरायची आणि सायकलरिक्षावर लादून कबाड्याकडे न्यायची. तिच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून ही जन्मल्यावर आईनं तिला सुइणीच्या ओटीत टाकलं आणि सूपभर तांदूळ देऊन परत विकत घेतलं. छत्तीसगढमध्ये अशा विकत घेतलेल्या मुलीचं नाव बिसाहिन ठेवतात. मृत्यूनं फसावं एवढाच त्यातला हेतू.

पहिल्यांदा विनोदिनीबाई खाली गेल्या त्या तिला शिकवायला. पण अर्ध्या तासात शिकत त्याच होत्या.

"एखर आवाज सुन, दीदी," बिसाहिन म्हणाली आणि तिनं हातातली पिशवी चुरगाळली. कडकड वाजली ती एका बोऱ्यात. दुसरी मऊ, मुकी; ती दुसऱ्यात. चिप्सचं चकचकीत पाकीट मात्र तिनं वाजवूनही पाहिलं नाही. "ए ला कोनो नइ लेवय," ती म्हणाली. म्हणजे याला कुणी विचारत नाही. प्लास्टिकच्या तळाचे आकडे न वाचता ही बाई कानानं सात जाती ओळखते हे पाहून विनोदिनीबाईंच्या अंगावर काटा आला. असे कान त्यांच्या एकाही प्राध्यापकाला नव्हते.

मग त्यांनी घरोघर फिरून ओला कचरा वेगळा मागायला सुरुवात केली. अडतीस घरं तयार झाली. भिंतीलगत चार खड्डे खणले, त्यात सालं, देठ, वाळका पाला, वरून माती. चौथ्या महिन्यात पहिलं खत चाळलं, तेव्हा त्याला भिजल्या जमिनीचा वास येत होता. बिसाहिन सुकं बघायची, बाई ओलं बघायच्या. अकरा वाजता बाई वरून चहा आणायच्या. बिसाहिनचा पेला वेगळा होता. मैत्री वाढली, पण पेला वेगळाच राहिला. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल कधी अक्षर काढलं नाही.

अशी सहा वर्षं गेली. ती वर्षं विनोदिनीबाईंनी तशीच राहू दिली असती तर बरं झालं असतं.

पण उरलेल्या एकशे बहात्तर घरांचा कचरा एकत्रच येत होता. झाडणारी माणसं तो कधीकधी मागेच पेटवून द्यायची, आणि प्लास्टिकचा काळा धूर सातव्या मजल्यापर्यंत चढायचा. बाईंना ते सहन होईना. त्यांनी घनकचऱ्याचे नियम मिळवले आणि प्रयोगाची वही वाचावी तसे पेन्सिल घेऊन वाचले. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवला पाहिजे असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. जाळायला बंदी होती. वार्षिक सभेत त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते कलम वाचून दाखवलं.

अध्यक्ष जयंत बापट पुण्याहून बदलून आलेले, एका मोठ्या संस्थेत अधिकारी. बोलणं अगदी गोड. "काकू, तुमचा उत्साह कौतुकास्पद आहे," ते म्हणाले, "पण आज पार्किंगचा विषय महत्त्वाचा आहे." मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कचरेवाली आंटी," आणि हशा पिकला. पुष्कर तिथेच बसला होता. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, जाने दो ना. आप क्यों टेंशन लेती हो?" लहानपणी तो मराठीच बोलायचा. आता आईशी भांडतानासुद्धा हिंदीत भांडायचा.

"मले टेंशन नाही," बाई म्हणाल्या. "लोक हासून राहिले होते अन् तू पण खाली मुंडी घालून बसला. मले त्याचं वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार लिहिली. तीन पानं, सुवाच्य अक्षर, कलमांचे क्रमांक समासात. शेवटी त्यांनी नियमातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवलं : सुका कचरा अधिकृत कचरावेचक किंवा अधिकृत पुनर्वापरदार यांच्याच स्वाधीन केला जावा. हे वाक्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे बिसाहिनच होती. तिच्या कामाला आता कायद्यानं जागा आहे, असं वाटून त्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली.

तक्रार बघायला स्वच्छता निरीक्षक आले ते धर्मपाल रामटेके. गोंदियाकडचे, मराठी बोलणारे, पन्नाशीचे, चेहऱ्यावर कायमचा थकवा. त्यांनी खड्डे पाहिले, खत हातात घेऊन हुंगलं, बिसाहिनचे बोरे पाहिले.

"काकू, एक सांगू का? हे कागद वापस घ्या."

"काहून?"

"इथं काम होऊन राहिलं आहे. अडतीस घरांचं का होईना, पण खरं होऊन राहिलं. कागद पुढं गेला का मग नियम येईल. अन् नियम एकटा येत नाही, त्याच्यामागं ठेकेदार येते."

"म्हणजे नियम पाळाच नाही का कोणी?"

"मी तसं नाही म्हणत."

"मंग तुमी काय म्हणता?"

रामटेके कसनुसे हसले. "मी काहीच नाही म्हणत. माझं काम पावती देणं आहे." पावती देऊन ते गेले. विनोदिनीबाईंना वाटलं, हाही त्यातलाच, कामचुकार. त्या संध्याकाळी त्यांनी बिसाहिनला सांगितलं, "पाहाजो आता. सगळ्या घरचा माल तुझ्याकडे येईल, निवडलेला."

"हव दीदी," बिसाहिन म्हणाली. ती सायकलरिक्षाच्या चाकात हवा भरत होती.

नोटीस दीड महिन्यानं आली. दंडाची, आणि ऐकलं नाही तर पाणी तोडण्याचीही भाषा होती. जी सोसायटी सहा वर्षं हलली नव्हती ती पंधरवड्यात पळू लागली. तातडीची सभा झाली. मंजुरी असलेली एक एजन्सी ठरली. तिनं हिरव्या गणवेशातली चार माणसं दिली, दोन रंगांच्या बादल्या दिल्या आणि चोवीस तासांत खत करणारं एक यंत्र विकलं. यंत्राला जागा हवी होती. जागा मागच्या भिंतीपाशीच होती. एका सकाळी जेसीबी आला आणि चार खड्डे, पत्र्याचं छप्पर आणि अर्धवट कुजलेला पाला सगळं सपाट करून गेला. बाई खाली पोचल्या तेव्हा वर सिमेंट ओतणं चाललं होतं. आदल्या आठवड्यात चाळलेल्या खताची सहा पोती तेवढी त्यांनी जिन्याखाली ठेवलेली होती म्हणून वाचली.

त्याच सकाळी गेटवर बिसाहिनला अडवलं. गार्ड तिला दहा वर्षं ओळखत होता, तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ऊपर से आर्डर है." ती दुपारपर्यंत रस्त्यापलीकडे रिक्षा लावून बसून राहिली. कुणीतरी बोलावील असं तिला वाटत असावं.

विनोदिनीबाई थेट बापटांच्या घरी गेल्या. बापटांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि टेबलावरच्या फाइलमधून तीन पानं काढली. सुवाच्य अक्षर. समासात क्रमांक.

"काकू, हे तुमचंच ना?" त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "अधिकृत कचरावेचक. तुम्हीच अधोरेखित केलंय. त्या बाईंकडे ओळखपत्र आहे का? उद्या पुन्हा तपासणी झाली आणि अनधिकृत व्यक्ती आवारात सापडली, तर दंड सोसायटीलाच. तुमची तक्रार आम्ही अक्षरशः पाळतोय."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच भयंकर होतं. बाई तो शब्द पाहत राहिल्या. चिठ्ठीवरचा शब्द आणि बाटलीतली वस्तू जुळते की नाही हे तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी हा एकच शब्द तपासला नव्हता. लिहिताना त्यांनी तो वाचलाच नव्हता. बिसाहिनचा चेहरा वाचला होता.

मग ओळखपत्राच्या मागे लागणं आलं. दोन महिने त्या बिसाहिनला घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या. आधार कार्डावर तिचं नाव विशाखा होतं. बिसाहिन हे काही नाव असू शकत नाही असं वाटून कुठल्याशा कारकुनानं ते सुधारलं होतं. राशन कार्डावर बिसाहिन, आधारवर विशाखा. दोन्ही एकच बाई हे सिद्ध करायला अंगठा लावायचा. अंगठा उमटेना. खिडकीतल्या मुलीनं चार वेळा काच पुसली, बोटांना ओलं फडकं लावलं, दहाही बोटं लावून पाहिली.

"माताजी, आपकी उँगलियों में लकीर ही नहीं है."

काचांनी, पत्र्यांनी आणि तीस वर्षांच्या कामानं त्या रेघा कधीच पुसल्या गेल्या होत्या. बिसाहिननं आपला हात उलटसुलट करून पाहिला, जणू रेघा दुसऱ्या बाजूला असतील. विनोदिनीबाई त्या मुलीवर ओरडल्या. रांगेतले लोक बघू लागले. बिसाहिनलाच लाज वाटली. "चल दीदी," ती हळूच म्हणाली, "लइका ए बिचारी." म्हणजे, पोरगी आहे बिचारी, तिच्यावर काय चिडतेस.

शेवटी रामटेक्यांनीच सांगितलं की ओळखपत्र मिळूनही उपयोग नाही. आवारातल्या कचऱ्याचा ठेका एजन्सीचा. आत कोण काम करील तेही तीच ठरवणार. एजन्सीच्या माणसानं बिसाहिनला बघितलं आणि पन्नाशीच्या पुढचं कुणी आम्ही घेत नाही, म्हणून सांगितलं. त्या दिवसानंतर बिसाहिन यायची थांबली. फोन तिच्याकडे नव्हताच.

यंत्र तीन आठवडे चाललं. चोवीस तासांत त्यातून काळपट, तेलकट भुगा निघायचा आणि त्याला आंबलेला दर्प यायचा. विजेचं बिल आलं, खालच्या मजल्यांनी वासाची तक्रार केली, आणि यंत्रावर निळं ताडपत्रीचं आच्छादन चढलं. बादल्या मात्र रोज फिरत राहिल्या. हिरवी ओल्याची, निळी सुक्याची. माणसं दारोदार शिट्टी वाजवत, वेगळं करून दिलं नाही तर वहीत नाव लिहीत. आता दोनशे दहाही घरं कचरा वेगळा करत होती. हेच तर हवं होतं.

एक दिवस बाईंनी बाल्कनीतून पाहिलं. गाडी मागच्या गेटशी उभी होती. माणसानं हिरवी बादली गाडीत ओतली. मग निळी बादली त्याच्याच वर ओतली. मग दोन्ही नळाखाली धुऊन, उपड्या घालून, छान शेजारी शेजारी ठेवल्या.

त्या लिफ्टची वाट न पाहता सात मजले उतरून गेल्या.

"भैया, ये क्या कर रहे हो?"

"गाड़ी में एक ही डब्बा है, दीदी," तो शांतपणे म्हणाला. "उधर सब एक ही जगह गिरता है."

त्या रामटेक्यांकडे गेल्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि दार लोटून घेतलं. फाइलवर लिहिलेलं त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं : तक्रारीचं समाधानकारक निराकरण, शंभर टक्के वर्गीकरण, आवारातच प्रक्रिया. खाली त्यांचीच सही.

"तुमी सही केली?"

"केली."

"ताडपत्री पाहून केली का पाहाच्या आंधी?"

रामटेक्यांनी फाइल मिटली. "काकू, माझ्याकडे अशा एकोणीस सोसायट्या आहेत. सगळीकडे यंत्र आहे, सगळीकडे ताडपत्री आहे. तुमच्याइथं एक गोष्ट वेगळी होती. ती मी तुम्हाला तवाच सांगतली होती." थोड्या वेळानं ते म्हणाले, "पुन्हा तक्रार करायची असन तर करा. मी पावती देईन."

बाईंनी पर्स उघडली, पेन काढलं, आणि परत ठेवून दिलं.

थंडीच्या दिवसांत स्वच्छतेच्या स्पर्धेचं पथक पाहणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी पुष्कर ऑफिसातून लवकर आला. बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाला, "आई, वो जिने के नीचे तुम्हारी खाद रखी है ना? छह बोरी?"

"हाव. काहून?"

"बापट सर मांग रहे हैं. एक दिन के लिए. मशीन के पास रखने को." मग एकदम मराठीत, आणि खूप वर्षांनी इतक्या मऊ आवाजात, "आई, नाही नको म्हणू. मी कमेटीत आहो आता. मले इथंच राहाचं आहे."

हे वाक्य त्यांच्या वर्मी लागलं. त्यांनाही इथंच राहायचं होतं. दुसरं घर कुठे होतं? मीनल स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती. बाईंनी जिन्याखालच्या खोलीची किल्ली काढून पुष्करच्या हातावर ठेवली. पुढे कितीदा तरी त्यांना वाटलं, तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण त्या हो म्हणाल्या होत्या, आणि हे त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नाही.

सकाळी ताडपत्री निघाली, यंत्राला हार चढला. खत लहान लहान कापडी थैल्यांत भरलं होतं आणि प्रत्येक थैलीवर सोसायटीच्या नावाची छापील चिठ्ठी होती. पथकाच्या बाईंनी मूठभर खत उचललं, हुंगलं आणि खरोखर खूश झाल्या. बापटांनी विनोदिनीबाईंना पुढे बोलावून खांद्यावर शाल घातली, माइक हातात दिला. "काकूंपासूनच प्रेरणा," ते म्हणाले.

माइक हातात आल्यावर मात्र बाईंना राहवेना. त्या हिंदीत, सगळ्यांना कळेल अशा स्वच्छ शब्दांत बोलल्या. हे खत या यंत्राचं नाही. इथे चार खड्डे होते, ते बुजवले. सुका कचरा बिसाहिन नावाची बाई निवडायची, तिला हाकललं, आणि ते माझ्या तक्रारीमुळे झालं. आता सगळा कचरा एकाच गाडीत जातो. तुम्ही दुपारी मागच्या गेटशी थांबा, दिसेल.

पुष्कर जमिनीकडे बघत होता. मग बापटांनी टाळी वाजवली, त्यांच्या मागे सगळ्यांनी वाजवली. पथकाच्या बाई हसून म्हणाल्या, "माताजी कितनी विनम्र हैं!" आणि समोरच्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. नंतर कळलं, ज्येष्ठ नागरिकांच्या सहभागाचे वेगळे गुण होते, आणि त्यात सोसायटीला पूर्ण गुण मिळाले. दुपारी मागच्या गेटशी कुणीही थांबलं नाही. वॉर्डात पहिला नंबर आला. ढाल लॉबीत लागली.

उन्हाळा सुरू झाल्यावर एका सकाळी विनोदिनीबाई ई-रिक्षा करून नाल्यापलीकडच्या पाऱ्यात गेल्या. बिसाहिनची खोली बंद होती. शेजारणीनं सांगितलं, ती आता उरल्याच्या कारखान्यांकडे जाते, लोखंड वेचायला. बाई तशाच उरल्याला गेल्या. कारखान्यांच्या मागे लोखंड वितळवून भट्टीत उरलेली मळी टाकतात, तिचे काळे ढिगारे. ट्रकमागून ट्रक, आणि अशी धूळ की सूर्य पितळेच्या तबकासारखा दिसत होता. ढिगाऱ्यावर सात-आठ बाया दोरीला लोहचुंबक बांधून तो मळीवरून ओढत होत्या. तोंडाला पदर बांधलेला, त्यामुळे सगळ्या सारख्याच. बाईंनी नावानं हाक मारली तेव्हा एकीनं मान वर केली.

बिसाहिन खाली आली. वाळली होती. डोळे लाल, आणि खोकला.

विनोदिनीबाई वाटेत बरंच काही ठरवून आल्या होत्या. माफी मागायची, पोटाशी धरायचं. प्रत्यक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं, बिसाहिन."

बिसाहिननं ते नाकारलं नाही. "हव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. चुंबकाला चिकटलेले लोखंडाचे कण ती बोटांनी ओरपून डब्यात टाकत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दीदी, तुँहर उहाँ के कचरा अब कोन बीनथे?" आता तुमच्याकडचा कचरा कोण निवडतं?

"कोणीच नाही. सगळं एकाच गाडीत जाते."

बिसाहिनचे हात थांबले. "सब्बो?"

"सगळं."

"दूध के पाकिट घलो? पुट्ठा घलो?"

"हव. पुठ्ठा पण. ओल्यावरच टाकून देतात."

इतका वेळ जो चेहरा कोरडा होता तो आता दुखावला गेला. ओल्या कचऱ्यात भिजून गेलेला चांगला, कोरा पुठ्ठा तिला डोळ्यांसमोर दिसत असावा. तिनं जिभेनं च्च केलं, मान हलवली आणि "राम राम, अतेक बने माल," असं स्वतःशीच पुटपुटली. एवढा चांगला माल. मग ढिगाऱ्यावरून दुसऱ्या बायांनी तिला हाक मारली; नवी गाडी रिकामी होत होती, आणि गरम मळीवर जो आधी पोचेल त्याची जागा. बिसाहिननं पदर पुन्हा तोंडाला बांधला, दोरी उचलली आणि ती चढू लागली. विनोदिनीबाई धुळीत उभ्या राहिल्या. ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.